साडेपाच तासांच्या फासळ्या

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकेल आणि तुमच्या पदरात उरलेली अर्धी पडेल. पाणी जवळ घ्या, मांडी नीट घाला. आज तुम्हाला एका सुनेची गोष्ट सांगतो, तिच्या सासऱ्यांची, आणि त्या दोघांच्या मधे आलेल्या फासळ्यांची. लांब नाही. फासळ्या शिजायला लागतात त्याहून पुष्कळ कमी वेळात संपेल.

देवानं माणसाला दात दोनदा दिले. पहिले दिले कौतुकासाठी, दुसरे दिले कामासाठी. तिसऱ्यांदा द्यायचं मात्र त्यानं मनावर घेतलं नाही. ते काम त्यानं या सुनेसारख्या माणसांवर सोडून दिलं.

सून कवळ्या करायची. दंतवैद्याच्या दवाखान्याखाली, रस्त्यापेक्षा अर्धा मजला खोल, एक खोली होती. खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पोटऱ्या दिसायच्या. आत तीन टेबलं, तीन दिवे आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. वरून डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवायचे. खाली ही त्यात प्लास्टर ओतून साचा काढायची, मेणात एकेक दात रोवायची, गुलाबी हिरडी चढवायची, घासून चकचकीत करायची आणि डबीत घालून वर पाठवायची. अठरा वर्षांत चार हजारांवर तोंडं तिच्या हाताखालून गेली. त्यातल्या एकाही तोंडाचा मालक तिनं पाहिला नव्हता. माणूस वर, दात खाली, अशी ती व्यवस्था होती आणि तिला ती बरी वाटायची. प्लास्टर उलटून बोलत नाही.

सासरे हे तिचं पहिलं असं गिऱ्हाईक, ज्याच्यासमोर तिला रोज सकाळी चहा घ्यायला बसायचं होतं.

सासऱ्यांनी चौतीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारल्या होत्या. त्यांचा आवाज ऐकायला माणसं आपली गाडी चुकवायची, असं सासूबाई सांगायच्या. त्यात किती खरं ते देव जाणे. निवृत्त झाल्यावरही ते घरात पुकारायचेच. ‘न्हाणीघर रिकामं झालं आहे.’ ‘चहा तयार आहे, संबंधितांनी लक्ष द्यावं.’ यंदा उन्हाळ्यात त्यांचे उरलेसुरले सहा दात एका आठवड्यात काढावे लागले. ठसा वर घेतला, साचा खाली आला, आणि सुनेनं दोन आठवडे जीव ओतून कवळी केली. इतकी देखणी कवळी तिनं आयुष्यात केली नव्हती. वर डॉक्टरांनी ती बसवली आणि विचारलं, कसं वाटतंय? सासरे म्हणाले, “छान आहे.”

घरी आल्यावर सुनेनं विचारलं, “बाबा, कुठे टोचतंय, लागतंय? लागलं तर सांगायचं. मी घासून देईन.”

“छान आहे,” सासरे म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी आपलं ताट उचललं, आपल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. त्याला आता सात महिने झाले होते. सकाळी चहाला कवळी तोंडात, शर्टाला इस्त्री. पण जेवणाची वेळ झाली की ताट आत, दार बंद. पुकारणंही बंद. अर्ध्या तासानं रिकामं ताट बाहेर यायचं आणि त्यामागून म्हातारे यायचे, ओठ मिटून. काही विचारलं की उत्तर ठरलेलं: छान आहे.

सुनेला वाटायचं, कवळी त्यांना आवडलेली नाही. किंवा चारचौघांत खायची लाज वाटते. किंवा दोन्ही. विचारणार कोण? ती प्लास्टरची बाई.

वर्षाअखेरची मोठी सुट्टी जवळ आली. या सुट्टीत सगळं गोत म्हाताऱ्यांच्या घरी जमायचं: लेक, जावई, नातवंडं, थोरली बहीण, सगळे मिळून अकरा जण. आणि जेवायला दरवर्षी फासळ्या. म्हातारे टेबलाच्या डोक्याशी बसायचे, पहिली फासळी उचलायचे, आणि मग बाकीच्यांनी हात लावायचा. यंदा त्यांनी महिनाभर आधीच सांगून टाकलं, “माझं ताट आत द्या.”

सासूबाई भांडी पुसत होत्या. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

“मग माझंही आत द्या,” त्या म्हणाल्या. “सात महिने मी त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून जेवतेय. सगळ्या गोतादेखत नाही बसायची. लोकांना सांगा, घरचे दोघे आजारी आहेत, तुम्ही चालू द्या.”

बस्स. पणाला लागलं होतं ते एवढंच: म्हातारे दाराच्या या बाजूला जेवणार की त्या बाजूला. पण सुनेनं त्या क्षणी मनाशी ठरवलं की या बाजूलाच. कसं, ते तिला ठाऊक होतं. फासळ्या इतक्या मऊ करायच्या की कवळीला कळूसुद्धा नये आपण काही चावतोय.

आता कोणी दुसरी बाई असती तर शेजारणीला विचारती, किंवा देवावर हवाला ठेवून भट्टी पेटवती. हिनं कामाची पद्धत वापरली. सुट्टीच्या आधी सगळ्यांनाच दात हवे असतात, त्यामुळे ती बरंच काम घरी आणायची. घासायची छोटी मोटर घरीच होती. बिजागरीचा लोखंडी जबडाही होता, ज्यात वरचा आणि खालचा साचा बसवून कवळी कशी मिटते ते बघतात. सासऱ्यांचे साचे तिनं जपून ठेवलेच होते. त्यांच्यावरून तिनं कवळीची दुसरी जोडी केली, लोखंडी जबड्यात बसवली आणि तो जबडा स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला.

पहिल्या रविवारी तीन तासांची फासळी. खाटकाकडून फासळ्यांची अख्खी पट्टी आणली. तिच्या हाडांकडच्या बाजूला एक पातळ पापुद्रा असतो. तो सुरीच्या टोकानं उचलून, कागदानं धरून सरसर ओढून काढला, नाहीतर तो शिजून चामडं होतो. मीठ, गूळ, मिरपूड, लसूण आणि तिखट चोळलं, फॉइलमधे घट्ट गुंडाळलं, ओव्हन मंद. मग वरून टोमॅटो, गूळ, व्हिनेगर आणि मोहरीचा सॉस लावून दहा मिनिटं उघडी. एक फासळी कापून तिनं जबड्यात दिली, जबडा मिटला, आणि किती जोर लागतो ते मोजायला हाड ताणकाट्याला अडकवून ओढलं. कवळी साच्यावरून सुटून आली. तिनं वहीत आकडा लिहिला. उरलेली पट्टी नवऱ्याला वाढली.

दुसऱ्या रविवारी चार तासांची. त्याच्या पुढच्या रविवारची वाट न बघता बुधवारी साडेचार तासांची. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून दमून आला आणि ताटाकडे बघत उभा राहिला.

“आज काय आहे?”

“साडेचार तासांची.”

“अगं, कधीतरी वरण...” तो बोलायला लागला, मग बायकोच्या चेहऱ्याकडे बघून हात धुवायला गेला.

सासूबाई पाणी प्यायला आल्या तेव्हा ओट्यावर त्यांच्या नवऱ्याचं हसू सॉसनं माखून फासळी चावत होतं. त्या दारातच थबकल्या.

“अगं बाई, हे तर यांचे दात!”

“दुसरी जोडी आहे, आई. प्रयोगासाठी.”

सासूबाई आत आल्या. मग स्टूल ओढून जबड्यासमोर बसल्या. “बसू दे थोडा वेळ,” त्या म्हणाल्या. “आपल्यात बसून जेवतंय तरी.”

पाच तासांना काटा जवळजवळ शून्यावर आला. साडेपाचला हाड नुसतं उचललं की मांस आपणहून खाली. सुनेनं वहीत साडेपाचभोवती गोल काढला आणि सात महिन्यांत पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली.

सुट्टीच्या दिवशी पहाटे ती उठली. चार पट्ट्या, साडेपाच तास, दुपारी एकला ताटं. सगळं वेळापत्रकानं चाललेलं. दहाच्या सुमारास लेक आणि जावईबापू आले, नातवंडं आली, आणि जावईबापूंच्या हातात झाकलेला एक ट्रे आला.

जावईबापू विम्याच्या कंपनीत होते, पण बोलायचे फक्त फासळ्यांबद्दल. काखेत मांसात खुपसायचा थर्मामीटर, हातात लांब चिमटा. ते थेट गच्चीत गेले आणि निखाऱ्यांची शेगडी पेटवायला बसले.

“भाऊजी, मी केल्यात ना पुरेशा,” सून म्हणाली.

“वहिनी, तुम्ही करा तुमच्या. एक पट्टी आपली असावी म्हणून.” त्यांनी ओव्हनच्या काचेतून आत डोकावून बघितलं. “किती वेळ ठेवल्यात?”

“साडेपाच तास.”

जावईबापूंनी डोळे मिटले. एखादी वाईट बातमी कळावी तसे. “वहिनी, फासळीनं थोडं धरून ठेवलं पाहिजे. चावलं की दाताची खूण राहायला हवी, तेवढंच मांस निघायला हवं, बाकीचं हाडावर. हाडावरून आपणहून सुटली तर ती फासळी नव्हे, ते पथ्य.”

“आमच्याकडे अशाच लागतात,” सून म्हणाली आणि ओव्हनचं दार लावलं.

बारा वाजता थोरल्या आत्या आल्या. म्हाताऱ्यांपेक्षा आठ वर्षांनी मोठ्या, काठी टेकत, पण तोंड तसंच. चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, “बाळ कुठाय?” चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला बाळ म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

“खोलीत आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “आतच जेवणार आहेत.”

“का? बाहेर पाऊस पडतोय का?” आत्यांनी काठीनं दार ढकललं. आत काय बोलणं झालं ते कोणाला ऐकू आलं नाही. फक्त एकदा काठी आपटल्याचा आवाज आला. दहा मिनिटांनी म्हातारे बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, कवळी तोंडात, ओठ मिटलेले. येऊन टेबलाच्या डोक्याशी बसले. सासूबाईंनी त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि शेजारी स्वतःचं. सुनेचा जीव भांड्यात पडला.

तिनं फासळ्या आणल्या. ताटलीत पट्टी होती, काठाला सॉस चकाकत होता, वाफ येत होती. तिनं चिमट्यानं पहिली फासळी उचलली ती सासऱ्यांसाठी. हाड वर आलं. मांस ताटलीतच राहिलं. तिनं चमच्यानं मांस वाढलं आणि हाड शेजारी ठेवलं, शोभेला. दुसरी उचलली, तेच. अकरा ताटांत अकरा ढीग पडले आणि अकरा हाडं, धुतल्यासारखी स्वच्छ. नातवंडांनी हाडांकडे पाहिलं, मग आईकडे. सगळ्यांनी चमचे घेतले.

चव वाईट नव्हती हो. चव उत्तम होती. फक्त टेबलावर अकरा चमच्यांचा आवाज येत होता, दवाखान्यातल्या जेवणाच्या वेळेसारखा.

आत्यांनी दोन घास घेतले आणि सगळ्यांच्या ताटांकडे बघितलं. “हे काय, आज घरात सगळ्यांनाच पथ्य आहे का?”

नवऱ्यानं पाण्याचा पेला उचलला आणि पाणी नसताना प्यायला. सासूबाई म्हणाल्या, “वन्सं, मऊ झालंय एवढंच. खा गपचूप.”

म्हाताऱ्यांनी चमचा ताटाच्या कडेला ठेवला. एकेका ताटाकडे बघितलं. नातवंडांच्या, लेकीच्या, जावयाच्या. सगळं टेबल आपल्यासाठी चमच्यानं खातंय, हे त्यांना कळलं. त्यांचा चेहरा काही बदलला नाही. चौतीस वर्षं रद्द झालेल्या गाड्याही त्यांनी याच चेहऱ्यानं पुकारल्या होत्या.

“छान आहे,” ते म्हणाले आणि खुर्ची मागे सारून उठले.

सासूबाईंनी आपलं ताट उचललं.

आता इथे थोडं थांबा. माणसाला अक्कल कधी सुचेल त्याचा नेम नसतो. कोणाला देवासमोर डोळे मिटल्यावर सुचते, कोणाला आजारपणात. आपल्या सुनेला सुचली ती गच्चीतून आलेल्या धुराच्या वासानं. तिनं ते दोन शब्द सात महिने ऐकले होते, आणि खरे मानले होते, आणि आज ते कानावर पडताना तिला समोर दिसत होतं की काहीही छान नाही. डॉक्टरांकडेही हेच म्हणाले होते. ती तशीच उठली, गच्चीत गेली आणि शेगडीवरून जावईबापूंच्या पट्टीतली एक फासळी चिमट्यानं तोडून आणली.

“अहो वहिनी, अजून चार मिनिटं...” जावईबापू मागून आले.

तिनं ती फासळी सासऱ्यांच्या ताटात ठेवली. कडा करपलेल्या, मांस हाडाला धरून.

“बाबा,” ती म्हणाली, “ही कडक आहे. तुमची कवळी हिच्यात टिकेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. मला खरंच माहीत नाही.”

म्हातारे उभेच होते. फासळीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. गेल्या सात महिन्यांत घरातल्या प्रत्येक माणसानं त्यांना सांभाळलं होतं, चुचकारलं होतं, सोपं करून दिलं होतं. तुमच्यावर सोडते, असं कोणी म्हटलं नव्हतं. ते खाली बसले. फासळी दोन्ही हातांनी धरली, पुढच्या दातांत घेतली, चावली आणि ओढली.

फासळी आली. तिच्यासोबत वरची कवळीही आली.

ती फासळी त्यांच्या हातात होती आणि फासळीला ओळीनं चौदा दात लागलेले होते, गुलाबी हिरडीसकट, जणू फासळीच त्यांना चावत होती. जावईबापूंच्या नियमाप्रमाणे दाताची खूण राहायला हवी होती. इथे खुणेचा प्रश्नच उरला नव्हता. नातवंडांतल्या सगळ्यात लहानीनं तोंडावर हात धरला, पण नाकातून आवाज आलाच.

म्हाताऱ्यांनी डाव्या हातानं तोंड झाकलं. सगळ्यांनी आपोआप खोलीच्या दाराकडे बघितलं. आता हे उठणार, आत जाणार, दार लावणार, आणि ते दार पुन्हा कोणाच्या काठीनंही उघडायचं नाही. सुनेनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

म्हातारे उठले नाहीत. त्यांनी फासळी ताटात ठेवली. मग हातामागून, बोबड्या, हवा गळणाऱ्या आवाजात म्हणाले,

“डावीकडं. मागं. तिथं टोचतं.”

“काय?” सून म्हणाली.

“टोचतं म्हणून मी ती धड दाबून बसवतच नाही. नुसती ठेवतो. म्हणून निघते.”

“कधीपासून टोचतंय?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग आत...” तिच्या लक्षात यायला लागलं. “आत नेऊन तुम्ही...”

“काढून ठेवतो. हिरड्यांनी खातो. मग धुऊन घालतो आणि येतो बाहेर.”

“बाबा, मी पहिल्या दिवशी विचारलं होतं! सांगितलं का नाही?”

म्हाताऱ्यांनी हात खाली घेतला. वरचा ओठ आत गेला होता. असा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. त्यांनी तो तिला नीट बघू दिला.

“तू केली होतीस ना,” ते म्हणाले. “रात्र-रात्र बसून. तुला काय सांगू, टोचतं म्हणून?”

साच्यावर ती कवळी अगदी चपखल बसत होती. दुसऱ्या जोडीनं आठ फासळ्या खाल्ल्या होत्या आणि एकदाही तक्रार केली नव्हती. बरोबरच आहे. प्लास्टरला टोचत नाही. अठरा वर्षांत ही गोष्ट तिच्या एकदाही मनात आली नव्हती.

“तोंड उघडा,” ती म्हणाली.

“इथं? सगळ्यांसमोर?”

“इथंच. उजेड चांगला आहे.”

“उघड रे बाळ,” आत्या म्हणाल्या. “आम्ही काय पहिल्यांदा बघतोय? तू साडेसहा महिन्यांचा असताना मीच तुला भरवायचे. तेव्हाही हेच दृश्य होतं.”

म्हाताऱ्यांनी तोंड उघडलं. चार हजार तोंडं घडवलेली ती बाई आयुष्यात पहिल्यांदा एका जिवंत तोंडात वाकून बघत होती. डावीकडे, अगदी मागे, हिरडीवर तांदळाएवढी लाल जखम. इतकी लहान. तिच्यापायी सात महिने दार बंद.

“लिपस्टिक आहे का कोणाकडे?” तिनं न वळता विचारलं.

नणंदेनं पर्स उघडली. “आहे, पण महागातली आहे, वहिनी.”

“दे.”

बोटाच्या टोकावर थोडी लिपस्टिक घेऊन तिनं ती अलगद त्या जखमेवर टेकवली. म्हाताऱ्यांनी डोळे घट्ट मिटले, पण मागे सरले नाहीत. फासळीतून कवळी सोडवून तिनं ती धुतली, पुसली, जागेवर बसवली, नीट दाबली आणि काढली. गुलाबी हिरडीच्या आतल्या बाजूला, मागच्या कडेवर, एक लाल ठिपका उमटला होता. जिथे टोचतं तिथेच. इतकं सोपं होतं. फक्त त्याला माणूस लागत होतं.

ती मोटर घेऊन गच्चीत गेली, कारण धूळ उडते. जावईबापू पट्टी उलटत उभे होते. दोघं शेजारी शेजारी आपापलं काम करू लागले.

“भाऊजी,” ती थोड्या वेळानं मोटर थांबवून म्हणाली, “तुमचं बरोबर होतं. धरून ठेवायला हवं.”

जावईबापूंना असं काही ऐकायची सवय नव्हती. त्यांनी थर्मामीटर पुसला. “तुमचा सॉस माझ्यापेक्षा बरा आहे,” ते म्हणाले, आणि एवढं बोलून त्यांना घाम फुटला.

आत काय चाललं होतं? सुनेचा एक कान तिकडेच होता. तिला खुर्ची सरकल्याचा आवाज हवा नव्हता, आणि तो येत नव्हता. आत्या काहीतरी सांगत होत्या. मग नातवंडांचं हसणं आलं. मग म्हाताऱ्यांचा आवाज, बोबडा, हवा गळणारा, कोणत्या तरी गाडीच्या चालकाबद्दल, जो चुकीच्या गावाला पन्नास माणसं घेऊन गेला होता. शब्द नीट कळत नव्हते. दर वाक्याला कोणीतरी “काय? काय म्हणालात?” म्हणत होतं आणि म्हातारे तेच वाक्य पुन्हा सांगत होते. न चिडता. सासूबाई मधेच म्हणाल्या, “पन्नास नाही हो, बावन्न,” आणि त्यांच्या आवाजात काय होतं ते सुनेला गच्चीतूनही कळलं.

तिचं काम चार मिनिटांत झालं होतं. तरी ती आणखी तीन मिनिटं मोटर रिकामीच फिरवत उभी राहिली. दात तोंडात नसताना, सगळ्यांसमोर, टेबलाच्या डोक्याशी बसून म्हातारे बोलत होते. ते थांबवायला तिचा हात धजेना.

शेवटी आत्या आतून ओरडल्या, “अगं, दात करतेस की फासळ्या?”

ती आत आली. कवळी धुऊन सासऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घातली, दाबली, थांबले. जीभ मागे नेऊन बघितलं. सगळं टेबल त्यांच्या तोंडाकडे बघत होतं, आणि त्यांना ते चालत होतं.

“आता?” सून म्हणाली.

म्हाताऱ्यांनी विचार केला. चांगला वेळ घेतला.

“अजून जरासं लागतंय,” ते म्हणाले. “थोडं पुढं.”

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सुंदर वाक्य तिनं त्या घरात ऐकलं नव्हतं. ती पुन्हा गच्चीत गेली, पुन्हा घासलं, पुन्हा आणलं. तोवर फासळ्या गार झाल्या आणि कोणी काही बोललं नाही. आणखी एकदा गेली. तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्यांनी मान हलवली, आणि ‘छान’ वगैरे काही म्हटलं नाही.

“पुढच्या दातांनी ओढायचं नाही, बाबा. कडेनं चावायचं. आणि फासळी खेचू नका, मान फिरवा.”

“चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला खायला शिकवतेय,” म्हातारे आत्यांना म्हणाले.

“शीक,” आत्या म्हणाल्या. “वय काय झालंय तुझं!”

जावईबापूंनी शेगडीवरची उरलेली पट्टी आणली. सुनेनं वर आपला सॉस घातला. साडेपाच तासांचं मांस तिनं पावाच्या तुकड्यांत भरून नातवंडांना दिलं आणि त्यांनी ते दोन मिनिटांत संपवलं. म्हाताऱ्यांनी एक फासळी घेतली, कडेनं धरली, चावली, मान फिरवली. मांस दाताच्या खुणेएवढं सुटलं. बाकीचं हाडावर राहिलं. कवळी तोंडात राहिली. त्यांनी सावकाश चावलं, गिळलं, आणि दुसरा घास घेतला. सासूबाई आपल्या ताटाकडे बघून जेवत होत्या. वर बघायचं धाडस त्यांना तिसऱ्या घासाला झालं.

ती फासळी खायला म्हाताऱ्यांना पाऊण तास लागला. बाकी सगळ्यांचं झालं होतं, हात धुऊन झाले होते, नातवंडं खाली खेळायला गेली होती. टेबलाशी तिघंच उरले होते, म्हातारे, सासूबाई आणि सून. कोणाला कुठे जायचं नव्हतं.

एवढीच गोष्ट. म्हातारे त्यानंतर आणखी तीन सुट्ट्या जगले. दर खेपेला कुठे ना कुठे थोडं टोचायचंच, आणि दर खेपेला ते भर टेबलावर सांगायचे, अगदी पुकारून. आता ते नाहीत, देवानं त्यांना आपल्याजवळ बसवून घेतलं. तुमच्याकडे माणसं जमतील, हात बरबटतील, हाडं ताटात पडतील, तेव्हा घासभर थांबा आणि त्या म्हाताऱ्यांची आठवण ठेवा.